चिल्ड्रन्स म्युझियम 'कव्हर' करायचं नसतं : अडीच आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन ट्रिपला जाताय तर

तुमचा प्रश्न असा की फॅमिली ट्रिपमध्ये एक दिवस चिल्ड्रन्स म्युझियमसाठी ठेवलाय, मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा, सोबत आजी-आजोबा पण आहेत, तर एवढ्या लहान मुलांना नेण्यात अर्थ आहे का आणि दोन तासात सगळं कव्हर होईल का. मी अशा म्युझियममध्ये चौदा वर्षं काम केलंय, आधी फ्लोअरवर मुलांबरोबर आणि नंतर एक्झिबिट (म्हणजे मुलांनी हाताळायच्या मांडण्या) ठरवणाऱ्या टीममध्ये, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अर्थ आहे का, तर हो, नक्की न्या. आणि सगळं कव्हर होईल का, तर नाही होणार, आणि ते करायला जाऊ पण नका. ट्रिपवर आपल्या डोक्यात एक लिस्ट असते, हे बघून झालं, ते बघून झालं, आता पुढचं. किल्ला, देऊळ, बाग यांना ते चालून जातं. चिल्ड्रन्स म्युझियमला नाही चालत, कारण तिथे बघायचं असं फार काही नसतंच, जे आहे ते करायचं असतं, आणि लहान मूल एखादी गोष्ट एकदा करून थांबत नाही, वीस वेळा करतं. मी जेवढ्या फॅमिली रडत बाहेर पडताना बघितल्यात त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच होतं की मूल एका ठिकाणी रमलेलं आणि मोठी माणसं "चल चल अजून वरचा मजला राहिलाय" म्हणून त्याला ओढत होती.

एक मुलगा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, तीन-साडेतीन वर्षांचा. आमच्याकडे भिंतीवर पारदर्शक नळ्या होत्या, खालून हवा सोडलेली, एका तोंडात पातळ रुमाल घातला की तो वळणं घेत घेत सगळ्या भिंतीवरून फिरून वरून फसकन बाहेर पडायचा. या मुलाने पहिली दहा मिनिटं फक्त बघितलं. मग रुमाल घातला, मग दोन एकदम, मग चुरगाळून, मग रुमालाऐवजी स्वतःचा मोजा, मग एका तोंडात रुमाल घालून दुसऱ्या टोकाला धावत जाऊन उभा राहिला की बघू आधी कोण पोचतं. चाळीस मिनिटं तो तिथेच होता. त्याचे बाबा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून म्हणत होते, अरे एवढं मोठं म्युझियम आहे आणि तू इथेच काय. मी त्यांना शेजारी बसवलं आणि आतापर्यंत त्याने काय काय करून बघितलं ते एकेक सांगितलं. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही. तो मुलगा त्या दिवशी बाकी काही न बघता गेला, आणि तरी त्याचा दिवस भरलेला होता.

ही ठिकाणं मुळात कशी सुरू झाली ते थोडं सांगते, म्हणजे तिथे कसं वागायचं ते आपोआप कळेल. जगातलं पहिलं चिल्ड्रन्स म्युझियम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली सुरू झालं. मग बोस्टनचं १९१३ मध्ये, ते विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पुढाकारातून. १९६२ मध्ये बोस्टनला मायकेल स्पॉक डायरेक्टर म्हणून आले (बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे चिरंजीव) आणि त्यांनी काचेच्या कपाटातल्या वस्तू मुलांच्या हातात द्यायला सुरुवात केली, रोजच्या वापरातल्या गोष्टी आतून कशा दिसतात ते उघडून दाखवायचं एक प्रदर्शनच केलं. १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम काढलं, तिथे तर तुम्ही हात लावल्याशिवाय प्रयोग पूर्णच होत नाही. आणि १९७६ ला फिलाडेल्फियात जे म्युझियम निघालं त्याचं नावच 'प्लीज टच म्युझियम'. म्हणजे आपण मुलांना बाहेर दिवसभर जे सांगत असतो, हात लावू नको, त्याच्या बरोबर उलटं इथे आहे. तरीही आत शिरल्यावर पहिला अर्धा तास कितीतरी पालकांच्या तोंडून सवयीने हात लावू नको निघतंच, आणि मूल गोंधळून जातं. आदल्या रात्रीच मुलांना सांगून ठेवा की उद्या जाणार आहोत तिथे सगळ्याला हात लावायचा. आणि स्वतःलाही सांगा.

आता वेळेचं. अडीच वर्षांच्या मुलाला दीड तास पुष्कळ झाला, फार तर दोन. सहा वर्षांची मुलगी आरामात तीन तास काढेल. पॅरिसला ला व्हिलेतमध्ये मुलांसाठी जी सिते देझांफां आहे तिथे तर ठरावीक वेळेची सेशनच असतात आणि वयाप्रमाणे विभाग वेगळे. म्हणून बुक करायच्या आधी दोन गोष्टी वेबसाइटवर बघाच, ठरावीक वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो का आणि वयाची अट काय आहे. बऱ्याच ठिकाणी अगदी छोट्यांसाठी कुंपण घातलेला वेगळा कोपरा असतो आणि तिथे मोठ्या भावंडांना सोडत नाहीत, तुमच्याकडे ताई आणि छोटा भाऊ अशी जोडी असल्याने हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर दारातच रडारड. सोमवारी बंद असणारी म्युझियम खूप आहेत तेही बघून घ्या.

शाळेच्या दिवशी जात असाल तर सकाळी शाळांच्या सहली येतात, एकेका वेळी साठ-सत्तर मुलं, आवाज इतका की आपलं आपल्याला ऐकू येत नाही. साधारण जेवणाच्या वेळेपर्यंत त्या निघतात आणि मग दुपारी हॉल असा रिकामा होतो की एकेक एक्झिबिट तुमचंच. पण दुपार म्हणजे अडीच वर्षांच्याची झोपेची वेळ. तुमचा मुलगा गाडीत किंवा स्ट्रोलरमध्ये झोपणारा असेल तर त्याला झोपवून, उठल्यावर थोडं खायला घालून मग जा. तसा नसेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला दारात हजर व्हा, पहिला एक तास सोन्यासारखा असतो. आणि हा दिवस प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका, मुलं तेव्हा दमलेली असतात. आदल्या दिवशी मोठ्यांच्या आवडीची ठिकाणं झालेली असली आणि रात्रीची झोप नीट झाली असली की दुसऱ्या दिवशी इथे आणा, मग बघा कशी सुटतात.

थकण्याबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोस्टनच्या कला-संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये 'म्युझियम फटीग' वर लेख लिहिला होता, एक माणूस कपाटांतल्या वस्तू बघायला किती वाकतो, मान किती वळवतो त्याचे फोटो काढून. तो थकवा मोठ्यांचा, वाकून आणि उभं राहून येणारा. लहान मुलांचा वेगळा असतो. त्यांना आवाज, दिवे, गर्दी आणि दर दोन मिनिटांनी कुठे जाऊ हे ठरवणं, याने थकवा येतो, आणि ती मी दमलो असं कधी म्हणत नाहीत. ती उलट जास्त धावतात. एका खेळावरून दुसऱ्यावर, कशालाच धड हात न लावता पळत सुटलेलं मूल, कान चोळणारं, उगाच कोणाला ढकलणारं, कारण नसताना हसत सुटलेलं, हे दमलेलं मूल आहे. हे दिसलं की ओरडू नका, उचलून कडेवर घ्या आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये किंवा शांत खोली असेल तर तिथे दहा मिनिटं पाणी प्यायला बसा. शांत खोली आता खूप ठिकाणी असते, काउंटरवर विचारा. मूल आवाजाला घाबरणारं असेल तर काही म्युझियम महिन्यातून ठरावीक दिवशी कमी गर्दी, कमी आवाज, मंद दिवे असा वेळ ठेवतात, कान झाकायचे हेडफोनही देतात. तो वेळ तुमच्या ट्रिपमध्ये बसत असेल तर डोळे झाकून तोच घ्या.

आत शिरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मूल काहीच करणार नाही अशी तयारी ठेवा. काही मुलं पायाला चिकटून उभी राहतात, काही नुसती बघतात, आणि काही भलत्याच गोष्टीत रमतात, रॅम्पवर वर-खाली करणं, दार उघडबंद करणं. लोकांना वाटतं तिकीट वाया चाललं. वाया काही जात नाहीये, ते जागेचा अंदाज घेतंय. तुम्ही खाली बसा, जमिनीवर, मांडी घालून. मोठं माणूस खाली बसलं की मूल त्याच्यापासून लांब जायला धजतं, कारण परत कुठे यायचं ते त्याला कळतं. ही युक्ती मी शेकडो वेळा वापरली आहे आणि फार क्वचित फसली.

पाण्याचं मोठं टेबल बहुतेक सगळीकडे असतं, बांध घालायचे, नाव सोडायची, पंप मारायचा. सगळे सांगतात ते शेवटी ठेवा कारण कपडे भिजतात. मी म्हणते मूल तिकडे धावलं तर जाऊ दे, कपडे बदलता येतात. एप्रन ठेवलेले असतात पण बाह्या आणि मोजे भिजणारच, म्हणून प्रत्येकाचे कपड्यांचे एकेक जोड आणि जास्तीचे मोजे बॅगेत ठेवा. मोजे तसेही लागतात, चढायच्या जाळ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी बूट काढून मोज्यांवरच सोडतात. गळ्यातलं काही, टोपीच्या लोंबणाऱ्या दोऱ्या, स्कार्फ हे सगळं चढायच्या आधी काढून घ्या, अडकण्याचा धोका खरा आहे.

मोठी माणसं चार आहात ते चांगलं आहे पण चौघं एकत्र दोघांच्या मागे फिरू नका. प्रत्येक मुलामागे एकच माणूस ठरवा, आणि ते तोंडाने बोलून ठरवा, "आता हा तुझ्याकडे". मुलं हरवतात ती बहुतेक वेळा तेव्हाच जेव्हा प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा बघतोय. चढायच्या जाळीत मूल गेलं की आत शिरायच्या जागी उभं न राहता बाहेर पडायच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. सकाळी निघताना दोघांचा पूर्ण कपड्यांसकट एक फोटो काढून ठेवा, मूल दिसेनासं झालं तर घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही, हे मी आई-बापांच्या बाबतीत वारंवार बघितलंय. छोट्याच्या मनगटावर पेनने फोन नंबर लिहा. मोठीला म्युझियमच्या लोकांचा टी-शर्ट किंवा बॅज आत शिरतानाच दाखवा आणि सांगा, आम्ही दिसलो नाही तर शोधत फिरायचं नाही, असा शर्ट घातलेल्या माणसाकडे जायचं. आणि खरंच दिसेनासं झालं तर पाच मिनिटं आपली आपण शोधाशोध करू नका, लगेच जवळच्या स्टाफला सांगा, दारावरच्या माणसाला कळवायची पद्धत ठरलेली असते.

आजी-आजोबांना बाकावर बसवून बॅगा सांभाळायला देऊ नका हो. लुटुपुटूच्या दुकानात, दवाखान्यात, स्वयंपाकघरात त्यांच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक कोणी नसतं, भातुकली खेळायला लागणारा निवांतपणा त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे ट्रिपवर तो नसतो. आजोबा पेशंट आणि नात डॉक्टर हा खेळ मी तासभर चाललेला बघितलाय, आजोबांना एका खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते का आणि लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, आणि आवाजाचा त्रास होत असेल तर त्यांचाही मधला ब्रेक धरा.

भांडणं होणार. अडीच वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून तोच खेळ खेळतं पण त्याच्याबरोबर खेळतंच असं नाही, मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांचं निरीक्षण करून या शेजारी-शेजारी खेळण्याचं वर्णन केलंय आणि ते आजही फ्लोअरवर रोज दिसतं. त्याला शेअर कर म्हटलेलं कळत नाही, हातातलं काढून घेतलं एवढंच कळतं. त्यापेक्षा "तुझं झालं की याचा नंबर" हे त्याला झेपतं, आणि नंबर येणाऱ्याला आपण जवळ बसून थांबायला मदत करायची. दुसऱ्याच्या मुलाने ढकललं तर आधी आपल्या मुलाकडे बघा, त्या मुलाच्या आई-बाबांशी वाद घालण्यात तुमचा अर्धा तास आणि मुलाचा मूड दोन्ही जातात.

आता तुमच्या मुलीबद्दल, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. कॅलिफोर्नियातल्या एका चिल्ड्रन्स म्युझियममध्ये विज्ञानाच्या एक्झिबिटवर पालक मुलांशी काय बोलतात ते रेकॉर्ड करून त्याचा अभ्यास झाला, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक्झिबिट कसं चालवायचं हे पालक मुलगे आणि मुली दोघांनाही सारखंच सांगत होते, पण हे असं का होतं याचं स्पष्टीकरण मुलग्यांना देण्याची शक्यता तिप्पट होती. आणि ही मुलं एक ते आठ वर्षांची, म्हणजे तुमच्या दोघांच्याच वयाची. कोणी मुद्दाम करत नव्हतं. हे वाचल्यावर मी स्वतःचं बोलणं तपासायला लागले. तुम्ही पण लक्ष ठेवा, छोट्याला "बघ चाक फिरलं की पाणी वर येतं कारण..." आणि ताईला नुसतं "वा, मस्त, छान दिसतंय" असं होत नाहीये ना.

स्पष्टीकरण म्हणजे लेक्चर मात्र नको. हवेच्या झोतावर तरंगणारा बॉल तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. मुलं त्याला हाताने ढकलतात, झोत वाकडा करतात आणि बॉल तिरका होऊनही पडत नाही. पहिल्यांदा काहीच बोलू नका. मग विचारा, अजून वाकडा केला तर? आणि उत्तराची वाट बघा, मनात दहापर्यंत मोजा, आपण मोठी माणसं दोन सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतो. तिने करून बघितलं, बॉल पडला, परत ठेवला, की मग एकच वाक्य पुरे, हवा बॉलला धरून वळते आणि तो बाहेर सरकायला लागला की त्याला परत झोतात ओढते. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुष्कळ होतं, पुढचं ती विचारेल किंवा नाही विचारणार.

खाण्याचं थोडक्यात. खाऊ आणि पाणी बॅगेत असू द्या, आत खायला ठरावीक जागा असते. हातावर शिक्का मारून परत आत सोडतात का ते विचारा, सोडत असतील तर बाहेर मोकळ्यावर बसून खाल्लेलं सगळ्यांना बरं पडतं. खायच्या आधी हात साबण-पाण्याने चांगले वीस सेकंद धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो नीट काम करत नाही. छोट्यांच्या कोपऱ्यात तोंडात घातलेली खेळणी टाकायला वेगळी बादली असते, ती वापरा प्लीज. आणि मुलाला आदल्या रात्री ताप किंवा जुलाब असतील तर दिवस बदला, शंभर मुलं त्याच खेळण्यांना हात लावणार असतात.

दीड-दोन तासांनी छोटा पेंगायला लागला की एक मोठं माणूस त्याला घेऊन बाहेर जाऊ दे आणि मोठीला एकटीला आई किंवा बाबा, कोणीतरी एकच, आणखी एक तास द्या. भावाच्या मागे थांबून थांबून तिचं जे राहिलेलं असतं ते ती या तासात करते, आणि ट्रिपमध्ये तिला कोणाचं तरी पूर्ण लक्ष मिळायची ही एकमेव वेळ असू शकते. मला विचाराल तर सगळ्या दिवसातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

निघताना "पाच मिनिटं" म्हणू नका, अडीच वर्षांच्याला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. "अजून दोन वेळा सोड, मग बूट" हे कळतं. दोन म्हणजे दोनच. मग त्या खेळाला टाटा करायचा, हात हलवून, मोठ्याने, बाकीची माणसं बघत असली तरी. बाहेरची वाट बऱ्याचदा गिफ्ट शॉपमधून जाते, तिथे काय घ्यायचं किंवा काहीच घ्यायचं नाही हे सकाळीच ठरवून मुलीला सांगितलेलं असू द्या.

बाहेर पडल्यावर गाडीत काय शिकलीस, काय आवडलं अशी परीक्षा घेऊ नका. रात्री हॉटेलच्या खोलीत कागदी कप, चिकटपट्टी, टिश्यूच्या आतली पुठ्ठ्याची नळी असं काहीतरी समोर ठेवून द्या आणि बघा. आमच्याकडे परत परत येणारे पालक सांगायचे की मुलांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात उशांचा रॅम्प करून म्युझियमसारखाच बॉल सोडला, म्हणजे ते डोक्यात चालूच होतं.

आणि ट्रिपमध्ये अर्धा दिवस मोकळा उरला, तिकीट दुसऱ्या दिवशी चालणारं असलं किंवा तुमच्या गावच्या म्युझियमच्या मेंबरशिपवर तिथे सवलत मिळत असली (अमेरिकेत बऱ्याच चिल्ड्रन्स म्युझियममध्ये अशी आपसातली व्यवस्था आहे), तर नवीन ठिकाण शोधण्यापेक्षा परत तिथेच जा. पहिल्या दिवशी जो वेळ बिचकण्यात गेला तो वाचतो. दारातून आत गेल्यावर या वेळी मुलांना पुढे सोडा आणि तुम्ही मागून चाला, छोटासुद्धा सरळ आपल्या पाण्याच्या टेबलाकडे जाईल.